ध्रुवीकरण : एका चांगल्या शब्दाची कैफियत

सध्या कोणतेही वर्तमानपत्र उघडावे, ‘ध्रुवीकरण’ हा शब्द भेटल्याशिवाय राहत नाही. मतांचे ध्रुवीकरण, समाजाचे ध्रुवीकरण, भाषेवरून ध्रुवीकरण! आपल्या बेळगावात तर हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. १ नोव्हेंबरच्या सकाळी तो रस्त्यावर दिसतो. त्यामुळे ध्रुवीकरण म्हणजे फूट, तेढ, एकमेकांकडे फिरवलेली पाठ, असे समीकरण आपल्या मनात पक्के होऊन बसले आहे.

पण राजकारणात येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द प्रकाशाच्या शास्त्रात होता. तिथे त्याने केलेले काम भांडण लावण्याचे नाही, बारीक फरक ओळखण्याचे आहे. त्या कामाची हकिकत मी या लेखात सांगणार आहे. मी बी. कॉम.ची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. तेव्हा “तुला हा नसता उद्योग कुणी सांगितला?” असे वाचक विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर हाच या लेखाचा खरा विषय आहे.

गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनाला मी आणि माझी एक मैत्रीण गेलो होतो. ती कन्नड माध्यमातली आणि शास्त्र शाखेची. एका टेबलावर लेसर, काचेची नळी आणि काही भिंगे मांडली होती. वर फलक होता इंग्रजीत. मी मराठीतून विचारले, “यात काय दाखवलंय?” तिथल्या मार्गदर्शकाने माझी शाखा विचारली आणि मोठ्या आदराने सांगितले, “कॉमर्सवाल्यांनी पुढच्या हॉलमध्ये जावं, तिथं खाण्याचे स्टॉल आहेत.” सगळे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी दुसरे काय करावे ते सुचत नाही.

बाहेर आल्यावर मैत्रिणीने पर्समधून आपला गॉगल काढला. तो पोलरॉइड काचांचा होता. तो माझ्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर धरून ती म्हणाली, “इल्लि नोडे!” मी पाहिले. तिने गॉगल हळूहळू फिरवला आणि पडद्यावरचे आकडे दिसेनासे झाले. सगळा पडदाच काळा! आणखी फिरवला, आकडे परत आले. वर्षानुवर्षे ज्या यंत्रावर मी चक्रवाढ व्याज काढीत होते, त्याच्या पडद्यात ध्रुवित प्रकाश आहे हे मला त्या दिवशी कळले. तिथून पुढे जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते पुढे देत आहे.

प्रकाश ही लाट आहे असे धरू. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरे हलवले तर लाट वर-खाली जाऊ शकते किंवा डावी-उजवीकडे. साध्या दिव्याच्या प्रकाशात अशा सगळ्या दिशांची कंपने एकत्र असतात. त्यांतली एकच दिशा निवडली की तो प्रकाश ध्रुवित झाला. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालुस लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले सूर्याचे ऊन एका स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की प्रतिमेचे तेज कमी-जास्त होते, हे त्याच्या ध्यानात आले. पोलरॉइडची काच हीच निवड करते : एका दिशेचे कंपन जाऊ देते, आडवे अडवते. अशा दोन काचा एकमेकींना काटकोनात ठेवल्या की पलीकडे अंधार. मात्र त्या दोघींच्या मध्ये प्रकाशाची दिशा जराशी वळवणारे काही ठेवले, तर त्या अंधारातून थोडा उजेड येतो. कॅल्क्युलेटरमध्ये हे वळवण्याचे काम द्रवस्फटिक करतो. आता प्रश्न असा, की हेच काम वायूच्या अणूंकडून करून घेता येईल काय?

त्याआधी वायूकडे इतके बारकाईने पाहायचे कशासाठी, ते सांगितले पाहिजे. भाताचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत पिवळी होते, हे स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक रंगांचाच प्रकाश देतात आणि घेतात. वर्णपटात त्या रंगांच्या रेषा दिसतात. त्या रेषा म्हणजे त्या मूलद्रव्याची सहीच. दुसऱ्या कुणाची तशी नसते.

पण सही ओळखायची तर ती स्पष्ट दिसली पाहिजे. याचे एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल हा वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीस आला होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत त्याला तीन तेजस्वी रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. यावरून त्या ज्वाला म्हणजे तप्त वायू आहेत हे सिद्ध झाले. नारिंगी रेषा मात्र त्याला सोडियमचीच वाटली, कारण हाताशी असलेल्या यंत्राला त्याहून बारीक फरक दिसत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात नॉर्मन लॉक्यर याने नेटके मोजले तेव्हा ती रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी, पण वेगळी निघाली. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. या दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकात एक अख्खे मूलद्रव्य दडले होते : हेलियम! पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडले.

आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. तेरीज पत्रकात दहा पैशांचा फरक आला तरी तो शोधा, उचंत खात्यात टाकून मोकळे होऊ नका, असे आम्हांला पहिल्याच वर्षी बजावतात. कारण त्या दहा पैशांमागे हजारोंच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. सोडियमच्या नावावर टाकलेली ती रेषा तशीच राहिली असती, तर हेलियम किती वर्षे उचंत खात्यात पडून राहिला असता कोण जाणे!

पुढे यंत्रे सुधारली, लेसर आला. तरी वायूच्या बाबतीत एक अडचण यंत्र कितीही चांगले केले तरी हटेना. ती अडचण वायूतच होती. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी उभे राहिलो की येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की सूर एकदम उतरतो. डॉप्लरने १८४२ साली मांडलेला तो परिणाम. वायूतले अणूही असेच धावत असतात. कुणी आपल्याकडे येणारा, कुणी दूर जाणारा. रुबिडियमचे अणू साध्या खोलीतसुद्धा सेकंदाला सरासरी पावणेतीनशे मीटर वेगाने पळतात. त्यामुळे प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा लागतो आणि एका बारीक रेषेऐवजी पसरट पट्टा मिळतो.

हे आकड्यांत पाहा. रुबिडियमच्या एका प्रसिद्ध रेषेची कंप्रता सेकंदाला सुमारे ३८४ लाख कोटी आहे. ही रेषा मुळात केवळ ६० लाखांइतकी रुंद. पण अणूंच्या धावपळीमुळे ती सुमारे ५० कोटींइतकी पसरते, म्हणजे ऐंशी पटींहून अधिक. या पट्ट्याखाली चार-पाच वेगवेगळ्या रेषा असल्या तरी त्या एकमेकींत मिसळून जातात. हायड्रोजनचा अणू तर सर्वांत हलका, म्हणून सर्वांत चपळ. त्याचा पसारा आणखी मोठा. आणि पदार्थविज्ञानाचे मोठमोठे सिद्धांत पडताळायला हवा असतो नेमका हायड्रोजनच!

यावर तोड काय? सगळ्या अणूंना थांबवणे तेव्हा शक्य नव्हते. पण जे अणू योगायोगाने त्या दिशेने हलतच नाहीत, त्यांच्यापुरतेच ऐकता आले तर? १९७१ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात थिओडोर हेन्श, आर्थर शॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साधले. एकाच लेसरचे दोन झोत करायचे, एक जोरकस आणि एक मंद, आणि ते वायूतून परस्परविरुद्ध दिशांनी सोडायचे. जो अणू एका झोताकडे धावत आहे तो दुसऱ्यापासून दूर पळत आहे; त्याला एकाचा सूर चढा लागतो, दुसऱ्याचा उतरता. म्हणून दोन्ही झोत एकाच वेळी त्याच्या रेषेशी जुळत नाहीत. दोन्ही जुळतात फक्त त्यालाच, जो या रेषेत पुढेही जात नाही आणि मागेही. जोरकस झोत त्या अणूंना गुंतवून ठेवतो, त्यामुळे मंद झोत थोडा कमी शोषला जातो. एवढाच फरक मोजायचा.

यातही एक उणीव राहिली. झळझळीत प्रकाशात झालेली किंचित वाढ मोजायची म्हणजे दिवाळीच्या रोषणाईत एक पणती जास्त लागली आहे हे गच्चीवरून ओळखायचे! इथे ध्रुवीकरण मदतीला आले. १९७६ साली कार्ल वीमन आणि हेन्श यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात नवी रीत मांडली. मंद झोत ध्रुवित करून वायूत सोडायचा आणि पलीकडे मोजणीच्या यंत्रापुढे दुसरी ध्रुवक काच आडवी ठेवायची. म्हणजे मुळात यंत्रावर अंधारच. जोरकस झोत मात्र वर्तुळ ध्रुवित करायचा. त्याच्या कंपनाची दिशा स्क्रूच्या आट्यांसारखी गोल फिरत जाते. अणूंनाही आपापला कल असतो. विशिष्ट कलाचे अणू असा फिरता प्रकाश अधिक घेतात, आणि त्यामुळे झोताच्या वाटेतला वायू एका बाजूला झुकतो.

आता मंद झोताचे काय होते? त्याचा सरळ ध्रुवित प्रकाश म्हणजे उजवीकडे फिरणारा आणि डावीकडे फिरणारा अशा दोन समान प्रकाशांची बेरीज मानता येते. हिशेबाच्या भाषेत, जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या, बाकी शून्य. झुकलेला वायू या दोन बाजूंना सारखे वागवीत नाही. एकीकडून थोडे जास्त वजा होते, बाकी उरते, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते. वळलेला तेवढा प्रकाश आडव्या काचेतून पार होतो आणि अंधारात उजेडाची खूण उमटते. ही खूण उमटवणारे अणू कोण? तेच, दोन्ही झोतांशी एकाच वेळी जुळलेले, न धावणारे. बाकीचे लाखो-करोडो अणू तिथेच असतात, पण त्यांचा गोंगाट यंत्रापर्यंत पोचतच नाही. पणती तेवढीच, पण आता ती लोडशेडिंगच्या रात्री पाहायची आहे!

या रीतीने वीमन आणि हेन्श यांनी हायड्रोजनच्या बामर-बीटा नावाच्या निळसर रेषेचे अंतरंग उघडले. विद्युत्‌क्षेत्रामुळे तिच्या एकेका घटकरेषेची होणारी फाटाफूटही त्यांना वेगळी दिसली. आज हीच रीत लेसरची कंप्रता अणूच्या रेषेशी बांधून ठेवण्यासाठी वापरतात; ढळू लागला की खूण सांगते कुठे ढळला. अणूंच्या सुराला एवढे महत्त्व का, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तरी विचारू नये. १९६७ पासून आपला सेकंदच सीझियम अणूच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपनांनी ठरतो, आणि बँकेच्या प्रत्येक व्यवहारावर पडणारी वेळ अखेर त्याच हिशेबातली आहे.

असो. शास्त्र सांगून झाले. विज्ञानातून लगेच समाजाला धडा काढायचा ही आपली एक सवय आहे. ती मला फारशी मान्य नाही. अणू काही आपल्याला उपदेश करायला बसलेले नाहीत, आणि दोन ध्रुवक काचांनी सीमाप्रश्न सुटत नसतो. मला म्हणायचे आहे ते साधे आहे. वर जे लिहिले ते समजायला मला पदवी लागली नाही. लागले ते एक गॉगल, एक कॅल्क्युलेटर, एक मैत्रीण आणि आपल्या भाषेत विचारण्याची मोकळीक. मग आम्हांला पुढच्या हॉलमध्ये का पाठवतात?

एक आक्षेप असा, की वाणिज्याच्या मुलांना याचा उपयोग काय? याला उत्तर म्हणून मी एका हिशेबनीसाचेच नाव घेते. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली कलकत्त्यात सरकारच्या अर्थखात्यात साहाय्यक अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. दहा वर्षे त्यांनी दिवसा जमाखर्च पाहिला आणि कचेरीच्या आधी-नंतर प्रयोगशाळेत काम केले. १९२८ साली त्यांनी ‘रामन परिणाम’ शोधला. तो नवा प्रकाश साध्या प्रतिदीप्तीचा नव्हे, हे ठरवताना तो ध्रुवित आहे ही गोष्टच पुराव्याला आली. त्या हिशेबनीसाला प्रयोगशाळेच्या दारातून कुणी स्टॉलकडे पाठवले नाही, हे आपले नशीब!

दुसरा आक्षेप, की हे मराठीत सांगताच येत नाही, शब्द नाहीत. शब्द आहेत. वर्णपट, ध्रुवण, कंप्रता, तरंगलांबी हे सगळे मराठी विश्वकोशात आहेत. अडचण आहे ती ते न वापरण्याची. कन्नडमध्येही आहेत. ध्रुवीकरण हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच. वर्णपटाला कन्नडमध्ये ‘रोहित’ म्हणतात हे कळल्यावर आमच्या वर्गातल्या रोहितची आम्ही आठवडाभर थट्टा केली. पण एक फसवा शब्द आहे, तो सांगून ठेवते. मैत्रीण ‘अणु’ म्हणत होती आणि मी ‘अणू’ ऐकत होते. पाव तास आमचा वाद झाला. मग कळले, की कन्नडमध्ये अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते परमाणु म्हणतात. दोघी बरोबर होतो आणि दोघींना एकमेकींचे चुकले असे वाटत होते. या गावात असे वाद याच एका शब्दावरून होतात असे नव्हे!

तिसरी गोष्ट वीमनचीच. १९७६ साली तो जेमतेम पंचविशीचा, हेन्शच्या हाताखाली डॉक्टरेट करणारा विद्यार्थी होता. तरी त्या लेखावर त्याचे नाव पहिले आहे. पुढे २००१ मध्ये त्याला आणि २००५ मध्ये हेन्शला नोबेल पारितोषिक मिळाले, वेगवेगळ्या कामांबद्दल. नोबेल मिळाल्यावर वीमनने २००२ साली ‘फेट’ नावाचा उपक्रम सुरू केला : संगणकावर फुकट करून पाहता येतील असे विज्ञानाचे प्रयोग. त्यांतले कितीतरी आज मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही. ज्या माणसाने अंधारातला तो उजेड मोजला त्याला आपले काम आमच्या भाषांत यावे यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्यालाच का वाटावा?

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती खर्चाची नाही. महिन्यातून एक दुपार पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा कला आणि वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना खुली ठेवावी. तिथे बोलणे एका महिन्यात मराठीतून व्हावे, दुसऱ्या महिन्यात कन्नडमधून. आणि या वार्षिकांकाच्या दोन विभागांच्या मध्ये एक पान असावे, त्यावर शास्त्रातले शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी छापावे. कन्नड विभागाच्या संपादकांशी मी बोलले आहे. त्यांची तयारी आहे. पहिल्या दुपारसाठी दोन पोलरॉइड काचा आणि एक जुना कॅल्क्युलेटर पुरे. कॅल्क्युलेटर माझा देईन. गॉगलचे मैत्रिणीला विचारावे लागेल.

आणि त्या पानावर पहिला शब्द कोणता छापावा हे मी सांगायला नको. तो दोन्ही रकान्यांत एकच असेल.